शुक्रियाबाईचा तमाशा

ग्लासगो
रविवार, २८ सप्टेंबर २००३

ती. आशाअक्कास,
धाकट्या शशीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही. तू नुसतं काय, काय करतेस आणि तेवढ्यात माझ्या नंदूचं फोनचं कार्ड संपतं. म्हणून बोटं दुखली तरी कागदच बरा. चौथीपर्यंतचं शिक्षण, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू मनात दुरुस्त कर.

मी बरी आहे. इथे पाऊस पडत नाही, हवेत टांगलेला असतो. लोक सगळ्याला ‘वी’ म्हणतात, म्हणजे छोटं. वी चहा, वी पाऊस. जिन्यातली म्हातारी मला वी लेडी म्हणाली. माझं वजन तुला ठाऊक आहे, तेव्हा म्हातारीचे डोळे गेलेले दिसतात.

नातीबाई कस्तुरी दहाची झाली. गुणी आहे पण मान खाली. शाळेत कुणी नाव विचारलं तर बुटांना सांगते. म्हणून सूनबाईने, शिल्पाने, तिला दर शनिवारी एका वर्कशॉपला घातलंय. चर्चच्या मागे हॉल आहे, तिथे मुलांना नाटक आणि सर्कस शिकवतात. सोडायला-आणायला मी. शिकवणारी दोन माणसं अफगाणिस्तानातली आहेत, काबूलच्या नाटक कंपनीतली. लढाईत त्यांचं थेटर पडलं, मग नाटकावर बंदी आली, मग ती पळून पेशावरला आणि तिथून इथे. परत जायची सोय नाही. शिल्पाने हे सगळं मला कणीक मळता मळता सांगितलं, जसं काही शेजारी भाडेकरू बदलला.

बाईचं नाव शुक्रिया. पहिल्या दिवशी छातीला हात लावून म्हणाली, शुक्रिया. मला वाटलं आभार मानतेय. मी म्हटलं राहू दे, राहू दे. ती परत म्हणाली. असं तीनदा झालं तेव्हा कस्तुरीने माझा पदर ओढला. तिच्याबरोबर तिचे चुलते आहेत, मुलं त्यांना काका म्हणतात. त्यांच्या भाषेतही चुलत्याला काकाच म्हणतात, बघ. मी काही बोलायला गेले नाही. बोलणार कुठल्या भाषेत?

आता खरं सांगते. मी कुरकुरतच बसले होते, खुर्ची गार, पाय गार. तेवढ्यात ते काका एका लाकडी खुर्चीवर चढले, तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकले आणि पाय वर केले. अक्का, साठीचा माणूस! अंगात कोट तसाच. खिशातून किल्ल्या पडल्या, त्या एका पोरीने झेलल्या. मला वाटलं आता उतरतील. उतरले नाहीत. तसंच उलटं राहून त्यांनी मुलांची हजेरी घेतली. वीस नावं, कुठल्या कुठल्या देशांची, आणि एकही चुकलं नाही. माझ्या हातातली थैली केव्हा खाली पडली मला कळलं नाही.

सव्वीस वर्षं मी सिव्हिलच्या वॉर्डात आया होते. माणसाला कुठे धरलं की उचलता येतं आणि कुठे धरलं की ओरडतो, हे मला शिकवायला नको. त्या शुक्रियालाही ते येतं. ती मुलांना एकावर एक चढवून माणसांचा डोंगर करते. खाली पाच, वर तीन, मग एक. डोंगर श्वास घेतो, हलतो, पुढे चालतो. बोलायला भाषा नाही, नुसता हात लावते आणि मुलाला कळतं कुठे ताठ व्हायचं. मी इतकी वर्षं हेच काम केलं आणि मला ते असं दिसलं नव्हतं.

कस्तुरी सगळ्यांत हलकी, म्हणून ती शेंड्यावर. अजून चढलेली नाही. १३ डिसेंबरला कार्यक्रम आहे.

भावोजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, त्यात घट नको.
तुझी शशी


मिरज
गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३

चि. शशीस, अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ऱ्हस्व-दीर्घाचं सोड, तू रागावलीस की तुझा काना तिरका जातो, यावेळी सगळे काने सरळ होते. म्हणजे खुशीत आहेस.

तुझ्या भावोजींनी पत्र वाचलं आणि खुर्चीच्या पाठीला हात लावून बघायला लागले. मी म्हटलं, खुर्ची जुनी आहे आणि तुम्हीपण. तरी एक पाय उचललाच. कंबर शेकतेय अजून.

मी पत्र दोनदा वाचलं. ज्याचं घर गेलं, थेटर गेलं, तो माणूस परक्या गावात उलटा राहून पोरांची नावं घेतो. माझ्या डोक्यात मावेना गं. दळण आणायला गेले ती पीठ न घेताच परत आले.

तू त्यांच्याशी बोल. भाषा नाही म्हणून गप्प बसणारी तू कधीपासून झालीस? आणि एक सांगते, राग मानू नकोस. आधी हात उचलायचा आणि मग विचारायचं, ही तुझी खोड. सिव्हिलमध्ये तू नव्या डॉक्टरला पाहुणा समजून, भेटीची वेळ संपली म्हणून दंडाला धरून बाहेर काढलं होतंस. त्याने बिचाऱ्याने नोकरीचा पहिला दिवस म्हणून नवा शर्ट घातला होता. तिथे असं काही करू नकोस. ते लोक आधीच खूप ठिकाणांहून बाहेर काढले गेलेत.

सगळ्यांना आशीर्वाद. आमची आठवण आली की पत्र लिही, नाही आली तरी लिही.
तुझी अक्का


ग्लासगो
मंगळवार, २१ ऑक्टोबर २००३

ती. अक्कास,
शशीचा सा. न. वि. वि.

मी एक काम केलंय. बरोबर केलं असं मला वाटतंय. घरात मात्र कुणाला वाटत नाही, म्हणून तुला विचारते.

परवाच्या शनिवारी कस्तुरी पहिल्यांदा शेंड्यावर गेली. ती खाली बघायला लागली तशी ती शुक्रिया पुढे धावली आणि ओरडली, खबरदार! मला वाटलं, पोरीला दम देते ही कोण? आणि मग तिने बोट वर केलं आणि सगळ्या हॉलसमोर माझ्या नातीला म्हणाली, तमाशा कुन! तमाशा, तमाशा!

अक्का, माझ्या अंगाची लाही झाली. एवढ्या पोरांत, एवढ्या आयांत तो शब्द कुणालाच कळला नाही. मला एकटीला कळला. म्हणजे हे शिकवतात म्हटलं. नाटक नाही, सर्कस नाही, हे. आज डोंगरावर चढवतील, उद्या घुंगरू बांधतील.

मी उठले, कस्तुरीच्या कमरेला धरलं आणि खाली ओढली. हॉलच्या ऑफिसात एक फायलीवाली बाई बसते, तिच्याकडे गेले. मला येतं तेवढं इंग्रजी सांगितलं. बॅड डान्स. मेन लुक. तिला कळेना, म्हणून तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवून दाखवली. बाईचा चेहरा पांढराच होता, तो आणखी पांढरा झाला. तिने कागद काढला, लिहिलं, मला वाचून दाखवलं. अर्धं कळलं. मी सही केली. चौथीतली सही, पण ठसठशीत.

काल घरी पत्र आलं. चौकशी होईपर्यंत वर्कशॉप बंद. कार्यक्रमही बंद.

नंदू म्हणतो, आई, तू मला तरी विचारायचंस. शिल्पा जेवायला वाढते पण बोलत नाही. कस्तुरीचं तर तोंडच शिवलंय. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं, आमच्या गल्लीत कुणी मुलीला हा शब्द वापरला असता तर माझ्या वडिलांनी, अप्पांनी, काय केलं असतं!

एवढंच एक राहून गेलं, ते तुला सांगते. आम्ही निघालो तेव्हा शुक्रिया छातीवर हात ठेवून माझ्याशी काहीतरी बोलत होती. मी ऐकलं नाही. आणि ते काका दाराशी उभे राहून मुलांची नावं घेत होते. यावेळी सरळ उभे होते. एकेक नाव घेत होते आणि एकेक मूल बाहेर जात होतं. कस्तुरीचं नावही घेतलं. पण मी तशीच चालत राहिले.

बरोबर केलं ना? लगेच कळव. तुझ्या शब्दावर आहे.
शशी


मिरज
सोमवार, ३ नोव्हेंबर २००३

चि. शशीस,
आशीर्वाद आहेतच, ते तोडता येत नाहीत. वि. वि.

दिवाळी झाली. फराळाचं पुढच्या पत्रात लिहीन, आज तुझी हजेरी घ्यायची आहे.

तुझं पत्र वाचून मला काहीतरी बोचायला लागलं. आपल्या मागच्या गल्लीत तंबोरे करणारे दस्तगीरभाई आहेत, त्यांना मी तो शब्द सांगितला. ते म्हणाले, आपा, ही तर फारशी भाषा दिसते, आपल्या मौलवींना विचारू. तुझे भावोजी आणि ते दोघे मिळून मौलवींकडे गेले. मौलवी म्हातारे आहेत, फारशी शिकलेले. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, तो कागद सोबत ठेवलाय, सांभाळ.

फारशीत तमाशा म्हणजे बघणं. तमाशा कुन म्हणजे बघ. एवढंच, शशी. तो शब्द तिकडचाच. आपल्याकडे आला आणि आपण त्याच्या पायात चाळ बांधले. आणि खबरदार म्हणजे जप, सांभाळ. दम नव्हे.

म्हणजे ती बाई तुझ्या नातीला सांगत होती की जप, खाली बघू नको, वर बघ. जी पोर बुटांना नाव सांगते तिला ती वर बघायला सांगत होती. आणि तू शिट्टी वाजवलीस.

आता आणखी एक. चाळ बांधणाऱ्यांनी तरी तुझं काय वाकडं केलं होतं? तू अकरा वर्षांची होतीस, जत्रेत कनातीखालून आत घुसलीस. परत आलीस आणि तीन दिवस घागर कमरेवर घेऊन तू त्या बाईसारखी मान वळवत चालत होतीस. मला म्हणाली होतीस, अक्का, ती बाई वळली तेव्हा अख्खी कनात तिच्याबरोबर वळली. मग अप्पांनी मारलं. त्या शब्दाला तू घाबरतेस ती त्या माराने, त्या बाईमुळे नव्हे. मी तेव्हा गप्प बसले, आता नाही बसणार.

मला उत्तर लिहीत बसू नकोस. आधी जा.
रागातही तुझीच,
अक्का


ग्लासगो
१५ नोव्हेंबर २००३

प्रिय अक्काआजी,
नमस्कार. मी कस्तुरी आहे. बाबा मला स्पेलिंग सांगतो. आजीला सांगू नको की मी पत्र लिहिला.

तुझा पत्र आला. आजीने उभा राहून वाचला आणि मग बाथरूममध्ये रडला. नळ चालू ठेवला होता पण मला ऐकू आला.

मी आजीशी बोलत नाही. ते खूप कठीण आहे कारण आजी खूप बोलतो.

शुक्रिया हाताने सांगते की टॉपवर असला की खाली बघायचा नाही. जिकडे डोळा जातो तिकडे बॉडी जातो. मी वर होता तेव्हा मी खाली बघितला, मग ती ओरडली, मग मी वर बघितला आणि एक सेकंद मला काहीच भीती नव्हता. इट वॉज अमेझिंग. मग आजीने मला ओढला.

काका बस स्टॉपवर भेटला. तो म्हणाला कस्तुरी. मला हाय बोलायचा होता पण मला लाज वाटला, कारण तो माझा आजी आहे जिने कम्प्लेंट केला.

तू आजीला ओरडला म्हणून थँक यू. मला पण एक पत्र पाठव, त्यात माझा नाव वर लिही.
तुझा कस्तुरी


ग्लासगो
रविवार, ३० नोव्हेंबर २००३

ती. अक्कास,
शशीचा नमस्कार, पायावर डोकं ठेवून. वि. वि.

गेले.

ती दोघं उंच इमारतीत राहतात, एकोणिसाव्या मजल्यावर. दार वाजवलं. आत पावलं वाजली, दाराच्या भोकात शुक्रियाचा डोळा दिसला. दार उघडलं नाही. बरोबर केलं तिने. मीही उघडलं नसतं. एक दिवस सोडून परत गेले. यावेळी काकांनी उघडलं आणि अक्का, ते चक्क हिंदीत म्हणाले, या, बसा. पेशावरला पाच वर्षं काढली, तिथे उर्दू शिकले. माझी मिरजेची हिंदी त्यांना सगळी कळत होती. दीड महिना मी त्या माणसासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि एक शब्द विचारला नाही. भाषा होती गं. मलाच बोलायचं नव्हतं.

शुक्रियाने चहा ठेवला, वेलदोडा घातलेला, बरोबर बदाम. मी दोन कप प्यायले. मग विचारलं, तुम्ही का घेत नाही? काका म्हणाले, रोजा आहे. मी कप खाली ठेवला. ज्या बाईचं मी काम बंद पाडलं ती उपाशी राहून माझ्यासाठी चहा उकळत होती.

मी म्हटलं, माफ करा. हा शब्दही त्यांचाच निघाला, भाषांतर करावं लागलं नाही. पण तिने माफ केलं असं म्हटलं नाही. ती बराच वेळ बोलली आणि काका ते हिंदीत सांगत गेले. काबूललाही अशीच एक शेजारीण होती. तिनेही एक शब्द ऐकला आणि जाऊन सांगितला. तिथे काठ्या घेऊन आले, इथे कागद घेऊन आले. कागदवाले नम्र होते, तेवढाच फरक. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू तिथे दर शनिवारी बसायचीस, पण तू बघत नव्हतीस, फक्त ऐकत होतीस. मला सासूने बोल लावलेत, डॉक्टरांनी लावलेत. इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

उठताना तिने एक फोटो दाखवला. त्यांचं थेटर. छप्पर नाही, भिंती अर्ध्या, खुर्च्या जळलेल्या. लोक विटांवर बसलेत, दाटीवाटीने, पोरं मांडीवर. मधे काका आणि त्यांच्या खांद्यावर ती, हात पसरून. पलीकडच्या गल्लीत तेव्हा गोळ्या चालू होत्या म्हणे. पण फोटोत एकही माणूस त्या बाजूला बघत नाही. सगळ्यांचे चेहरे वर. मी असं बघणं देवळातही बघितलं नाही, अक्का. किती वेळ फोटो हातात धरून उभी होते मला सांगता येणार नाही.

गुरुवारी ऑफिसात बैठक झाली. फायलीवाली बाई, आणखी दोघं आणि त्यांची भाषा जाणणारा एक दुभाषा. नंदूला म्हटलं तू गप्प बस. मी उभी राहिले आणि म्हटलं, वर्ड गुड, मी बॅड. मग तुझ्या मौलवींचा कागद पुढे केला. दुभाष्याने तो हातात घेतला आणि सावरून बसला. मोठ्याने वाचला. मिरजेच्या गल्लीत लिहिलेलं अक्षर ग्लासगोच्या हॉलमध्ये एका परक्या माणसाच्या तोंडातून आलं, माझ्या अंगावर काटा आला. त्याने अर्थ सांगितला. मग बाईने विचारलं, शब्दाचा अर्थ बघणं, तर शिट्टी कसली? मग मला आपला तमाशा समजावून सांगावा लागला. पायाने ठेका धरून दाखवला. नंदू कपाळाला हात लावून बसला होता. एक साहेब टाळी वाजवणार होता, बाईने डोळे वटारले.

वर्कशॉप सुरू झालं. कार्यक्रमही होणार. पण पुढचं काय, ते कार्यक्रम बघून ठरवणार. आणि अट अशी की मुलांच्या घरचं एक मोठं माणूस सतत बसून बघेल आणि तशी सही करेल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझी बघायला नेमणूक झाली.

आता बघतेय आणि जे दिसतंय ते बरं नाही. शुक्रिया तो शब्द गिळते. लुक म्हणते, तेही चिमणीएवढ्या आवाजात. आणि म्हणायच्या आधी तिची नजर ऑफिसच्या काचेकडे जाते, फायलीवाली बघतेय का. ती बघते तिकडे मुलं बघतात. जिकडे डोळा तिकडे अंग, हे कस्तुरीने मला सांगितलं. हो, बोलते आता माझ्याशी. काल अख्खा डोंगर त्या काचेच्या बाजूला कलला. कस्तुरी घसरली, काकांनी वरच्यावर झेललं. कार्यक्रमात असं झालं तर सगळं कायमचं संपेल. आणि फायलीवाली त्या दिवशी पहिल्या रांगेत बसणार आहे.

हे माझ्या सहीमुळे. काय करू?
तुझ्या आशीर्वादाची गरज असलेली,
शशी


ग्लासगो
रविवार, १४ डिसेंबर २००३

ती. अक्कास,
शशीचे शंभर नमस्कार, वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आधीच काल कार्यक्रम झाला. घाईत लिहितेय, अक्षर लाव कसंतरी.

हॉल भरला होता. इथली मराठी मंडळी शिल्पाने बोलावली होती, चांगली दहा-बारा घरं. पहिल्या रांगेत फायलीवाली, मांडीवर फाईल. मी भिंतीला लागून माझ्या नेमणुकीच्या खुर्चीत.

सुरुवात काकांनी केली. रिकामा रंगमंच, ते एकटे. हातात काही नाही. त्यांनी हवेत दोरी बांधली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्यावरून चालले. जमिनीवरच गं, पण मधे तोल गेला तेव्हा अख्ख्या हॉलने खुर्च्या धरल्या. माझ्या शेजारचा गोरा बाप्या ओह गॉड म्हणाला. दोरी नव्हतीच आणि आम्ही सगळे ती बघत होतो. मग मुलं आली. मोज्यात तांदूळ भरून शिवलेले चेंडू, वीस मुलं, चाळीस चेंडू हवेत. एकाही मुलाच्या देशाची भाषा दुसऱ्याला येत नाही, आणि एकाने फेकलेला दुसऱ्याच्या हातात बरोबर जात होता. मी वॉर्डात जन्म बघितलेत, मरणं बघितलीत. असं काही बघितलं नव्हतं.

मग डोंगर. खाली पाच, वर तीन. कस्तुरी चढायला लागली. गुडघा, हात, खांदा. शेंड्यावर पोचली, गुडघ्यांवर बसली आणि थांबली. आता शुक्रियाने हाक द्यायची आणि हिने उभं राहायचं.

हाक येईना.

शुक्रिया रंगमंचाच्या कडेला उभी होती आणि तिची नजर डोंगराच्या बाजूने खाली पहिल्या रांगेत, त्या फायलीवर. फायलीवालीने तेवढ्यात पेन काढलं होतं. शुक्रियाचे ओठ उघडे, आवाज नाही. खालची मुलं थरथरायला लागली. पाच श्वास, सहा श्वास. डोंगर कलायला लागला, त्याच बाजूला. मला दिसलं गं. पहिल्यांदा मी ऐकत नव्हते, बघत होते.

मी उठले. विचारलं नाही कुणाला, खोड म्हण हवं तर. तरातरा गेले आणि शुक्रियाच्या समोर जाऊन उभी राहिले, फायलीवालीच्या आणि तिच्या बरोबर मधे. माझ्या अंगाचा एकदाचा उपयोग झाला, माझ्या पलीकडचं काही दिसायची सोय नाही. ऑपरेशनला नेताना पेशंटची धरायचे तशी तिची हनुवटी धरली आणि तोंड वर उचललं, मुलांकडे.

तिची नजर माझ्या खांद्यावरून वर गेली. आणि ती ओरडली, तमाशा कुन! असा आवाज, अक्का, की खिडक्या वाजल्या. आपल्या मंडळींच्या रांगेतून हाय-हाय ऐकू आलं, कुणीतरी अगंबाई म्हणालं. म्हणू दे.

मी वळले नाही. वळले असते, जरा हलले असते, तर तिला परत ती फाईल दिसली असती. म्हणून पाठ करूनच उभी राहिले. माझ्या मागे माझी नात उठून उभी राहात होती आणि मी शुक्रियाच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचे डोळे हळूहळू वर चढले. मधे एकदा थांबले, तिने श्वास धरला, मीही धरला. मग आणखी वर गेले आणि तिथे राहिले. मग तिचा सगळा चेहरा उघडला, त्या फोटोतल्या विटांवरच्या माणसांसारखा. तेव्हा मागून एक आवाज आला, मोठा, स्पष्ट. कस्तुरी! स्वतःचं नाव. बुटांना नव्हे, छपराला सांगितलेलं.

मग टाळ्या. मी तरी हलले नाही. शुक्रियानेच माझा हात तिच्या हनुवटीवरून काढला आणि हातात धरून ठेवला. माफ हा शब्द तिने काढला नाही, मीही नाही.

फायलीवालीचं पेन खुर्चीखाली पडलं होतं, ते नंदूने उचलून दिलं. जानेवारीपासून शनिवारी आणि बुधवारी, दोन्ही दिवस हॉल मिळालाय. सही माझीच लागणार.

घरी येताना बसमध्ये कस्तुरी माझ्यावर भडकली. आजी, तू बघितला नाही! तू उलटा उभा होता! सगळ्यांनी बघितला, फक्त तू नाही! रडायलाच लागली पोर. मी तिला म्हटलं, बघितलं, बाळा, सगळं बघितलं, तू मधे एकदा थांबलीस ना, उठता उठता? ती डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिली, की हिला कसं कळलं.

तू असतीस तर तुलाही दाखवलं असतं. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी शशी